शस्त्रविद्येची केंद्रे आणि आमचा तालुका

आमच्या जोयडा तालुक्यात डिग्गी गावाजवळ काळी नदीचा उगम आहे. डोंगरातून उतरलेली ही नदी सुपे धरणात विसावते, दांडेलीवरून पुढे जाते, कद्रा येथील जलाशयातून कैगाच्या अणुवीज केंद्रास पाणी पुरवते आणि अखेर कारवारजवळ समुद्रास मिळते. तेथून थोडे दक्षिणेस भारतीय नौदलाचा ‘कदंब’ हा विशाल तळ आहे. २४ ऑक्टोबर १९८६ रोजी त्या प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि ३१ मे २००५ रोजी तो तळ नौदलाच्या सेवेत रुजू झाला. भूगोलाच्या तासाला नकाशावर या नदीच्या रेषेवरून बोट फिरवताना आम्हांस नेहमी एक प्रश्न पडतो. आमच्या रानातले पाणी समुद्रापर्यंत पोहोचले. पण आमच्या तालुक्यातील विद्यार्थी त्या तळावरील यंत्रांपर्यंत, तेथे लागणाऱ्या नव्या विद्येपर्यंत केव्हा पोहोचणार?

हा प्रश्न आज विचारण्यास कारण आहे. देशाच्या संरक्षणास लागणारी नवी साधने देशातच निर्माण व्हावीत आणि त्यांचे संशोधन चार-दोन महानगरांपुरते न राहता निरनिराळ्या प्रदेशांतील केंद्रांतून व्हावे, असे धोरण सरकारने गेल्या काही वर्षांत स्वीकारले आहे. २०१८ साली उत्तर प्रदेश आणि तामिळनाडू या दोन राज्यांत संरक्षण-उद्योगांचे पट्टे आखण्याचे ठरले. कानपूर, झाशी, अलीगड, त्याचप्रमाणे कोइमतूर, होसूर, सेलम ही नावे त्यांत आली. त्याच वर्षी ‘आयडेक्स’ ही योजना सुरू झाली. सैन्याने आपली अडचण सांगावी, नवउद्योजकाने तिच्यावर उपाय शोधावा आणि त्यास सरकारने दीड कोटी रुपयांपर्यंत साहाय्य द्यावे, असे तिचे मूळ स्वरूप. पुढे याच योजनेत १० कोटींपर्यंत आणि २०२४ साली आलेल्या ‘अदिती’ योजनेत २५ कोटींपर्यंत साहाय्याची सोय झाली. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात तर संरक्षण-संशोधनाच्या रकमेपैकी २५ टक्के वाटा उद्योग, नवउद्योजक आणि विद्यापीठे यांच्यासाठी खुला करण्यात आला. हे धोरण योग्य आहे काय, आणि त्यातून आमच्यासारख्या आडबाजूच्या तालुक्यास काय मिळावे, याविषयी आमचे मत येथे मांडावे, असे आम्ही योजिले आहे.

उसन्या विद्येवर राष्ट्राचे संरक्षण फार काळ चालत नाही, हे इतिहासाने आम्हांस वारंवार शिकविले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत लढाऊ जहाजे बांधण्यास आरंभ केला, तेव्हा पोर्तुगीज कारागिरांचे साहाय्य घेतले होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्या कारागिरांना काम सोडून निघून येण्यास भाग पाडले, असे इतिहासकार सांगतात. तरीही मराठ्यांचे आरमार उभे राहिले. कारागीर परत नेता येतो. येथल्या हातांनी एकदा उचललेले कसब परत नेता येत नाही.

आधुनिक काळातील उदाहरणही याच जातीचे आहे. मे १९९८ मधील पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले. त्या वेळी ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर आपले अभियंते अमेरिकेत काम करीत होते. त्यांना परत यावे लागले आणि उरलेले काम बंगळूरमध्ये पुरे करावे लागले. ४ जानेवारी २००१ रोजी तेजसने पहिले उड्डाण केले. महासंगणकाची कथा तर मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. परदेशी महासंगणक मिळण्यात अडथळे येऊ लागले, तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम’ हा भारतीय महासंगणक सिद्ध झाला. सरकारने निश्चित उद्दिष्ट, पुरेसा पैसा आणि ठरावीक मुदत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी दिल्या, म्हणून हे घडले.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वडीलधारे सांगतात. शस्त्रविद्येच्या बाबतीत हे वचन विशेष खरे आहे, कारण ही विहीर खणावयास एक-दोन वर्षे नव्हे, दोन-तीन तपे लागतात. पुण्याचे उदाहरण घ्या. संरक्षण संशोधन आणि विकास संघटना १९५८ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात शस्त्रास्त्र संशोधनाची संस्था सुरू झाली. स्फोटकांचे संशोधन करणारी प्रयोगशाळा मूळची नैनितालची. ती १९६० साली पुण्यास आली. दिघी येथे सैन्यासाठी पूल आणि इतर साधने घडविणारी संस्था आहे. अहिल्यानगर येथे लष्करी वाहनांची, तर अंबरनाथ येथे नौदलास लागणाऱ्या साहित्याची प्रयोगशाळा आहे. या संस्थांना दशकानुदशके आधार मिळाला, त्याचे फळ आज दिसते. पुण्यात आखलेली ‘पिनाक’ ही अग्निबाण-प्रणाली १९९९ च्या कारगिल युद्धात वापरली गेली. पुण्यातच आखलेल्या १५५ मिलिमीटरच्या नव्या तोफेचा मारा ४५ किलोमीटरहून दूर पोहोचतो. अशा ३०७ तोफा देशातील दोन कंपन्यांकडून घेण्याचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. पाणबुडीस अधिक काळ पाण्याखाली राहता यावे म्हणून अंबरनाथच्या प्रयोगशाळेने सिद्ध केलेल्या इंधन-घटाच्या यंत्रणेची जमिनीवरील चाचणी मार्च २०२१ मध्ये यशस्वी झाली.

तथापि केवळ गुणगान करून हा विषय संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तेजसची योजना १९८३ साली मंजूर झाली आणि त्याची पहिली तुकडी हवाई दलात दाखल झाली ती २०१६ साली. याच विमानासाठी १९८९ मध्ये हाती घेतलेले ‘कावेरी’ इंजिन त्यास बसू शकले नाही, आणि तेजस अद्याप अमेरिकन इंजिनावर उडते. कोणी म्हणेल की, मग हा खर्च कशाला? आमचे उत्तर असे की, संशोधनात अपयश येणे हा दोष नव्हे. परंतु त्या अपयशाचा हिशेब न देणे हा दोष होय. सरकारने हात सैल ठेवावा, पण डोळे मिटू नयेत. प्रत्येक केंद्राने काय आरंभिले, काय साधले, काय फसले आणि का फसले, हे गुप्ततेस बाध न येईल अशा रीतीने लोकांपुढे ठेवले पाहिजे. पैसा अखेर लोकांचाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या देशात कित्येक खेड्यांना रस्ता नाही, दवाखाना नाही, त्याने शस्त्रांवर पैसा का खर्च करावा? गांधीजींच्या देशातील मुलांनी तोफांचे कौतुक करावे काय? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. युद्ध ही आनंदाची गोष्ट नव्हे, हे बेळगाव-खानापूर भागातील सैनिकांच्या घरांना कोणी शिकवावयास नको. पण सीमेवर उभा असलेला जवान आमच्याच घरातला आहे. त्याच्या हाती जुने, उसने साधन देऊन आम्ही शांततेच्या गोष्टी बोलाव्या, यात अहिंसा नाही, केवळ निष्काळजीपणा आहे. शिवाय या विद्येचा लाभ रणांगणापुरता राहत नाही. ‘अग्नी’ क्षेपणास्त्रासाठी सिद्ध केलेल्या हलक्या पदार्थापासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी पायाचे आधार बनविले. सुमारे तीन किलो वजनाचे जोखड जाऊन तीनशे ग्रॅमचा आधार आला. डॉ. कलाम हे आपल्या जीवनातील मोठे समाधान मानीत. म्हणून दवाखाना की प्रयोगशाळा, असा वाद न घालता दोहोंचा मेळ घालणेच इष्ट होय.

आता आमच्या तालुक्याकडे वळू. देशासाठी त्याग करणे म्हणजे काय, हे जोयड्यास ठाऊक आहे. १९८७ साली पूर्ण झालेल्या १०१ मीटर उंचीच्या सुपे धरणाखाली जुने सुपे गाव आणि आजूबाजूची वस्ती गेली. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि अनेक कुटुंबे रामनगरला येऊन वसली. त्या घरांतून आजही वडीलधारी माणसे जुन्या गावच्या देवळाची, शेताची आणि बाजाराची आठवण काढतात. त्या पाण्यावर वीज निर्माण झाली, राज्याचे कारखाने चालले. मात्र दिव्याखाली अंधार, तशी आमच्या कित्येक वाड्यांची गत झाली. तेथे दिवा फार उशिरा लागला. कारवारच्या तळासाठीही किनाऱ्यावरील हजारो कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. आम्ही हे तक्रार म्हणून लिहीत नाही. देशास वीज हवी होती, नौदलास बंदर हवे होते. परंतु त्यातून एक बोध घ्यावयाचा आहे. मोठा प्रकल्प येतो, तेव्हा प्रथम त्याचे कुंपण येते. त्या कुंपणास स्थानिक मुलांसाठी एक दार ठेवावे, याची आठवण कोणासही राहत नाही.

यास्तव आमचे म्हणणे असे की, प्रादेशिक केंद्रास सरकारने दिलेले साहाय्य किती कोटींचे होते एवढ्यावरून त्याचे मोल ठरवू नये. त्या प्रदेशातील किती मुले त्या केंद्रात ज्ञानाच्या दाराने आत गेली, हे मोजावे. केंद्र पुण्यात असो, नाशकात असो वा कारवारला. तेथील अभियंते दुरून आले आणि स्थानिक माणसाच्या वाट्यास केवळ पहारा आणि झाडलोट आली, तर त्यास त्या प्रदेशाचे केंद्र कसे म्हणावे? नाशिकजवळ ओझर येथे १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. अशा कारखान्याभोवती सुटे भाग घडविणारी कसबी माणसे तयार होतात आणि तीच पुढे नव्या उद्योगाचे भांडवल ठरतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे बांधलेल्या पहिल्या तेजसने उड्डाण केले, त्यामागे अशा सहा दशकांची पुण्याई आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आमच्या रानात तोफांचे मैदान किंवा कारखाना यावा, अशी आमची मागणी मुळीच नाही. हे रान काळी व्याघ्र प्रकल्पाचे आहे आणि ते राखणे हीही राष्ट्रसेवाच आहे. पण आमच्या उत्तरेस बेळगाव आहे. तेथील उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम यांची जुनी परंपरा आहे. त्याच जिल्ह्यात हत्तरगी येथे विमानांचे भाग बनतात. पश्चिमेस कारवारचा तळ आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत धातू गंजतो कसा आणि तो वाचवावा कसा, पाण्याखालील हालचाल ओळखावी कशी, या प्रश्नांचा अभ्यास कारवारच्या किनाऱ्यावर होऊ शकतो. चाचणीची साधने उभारण्यासाठी २०२० च्या योजनेप्रमाणे केंद्र सरकार खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देते. बेळगाव आणि कारवार यांच्या दरम्यान असे एखादे लहान संशोधन केंद्र उभे राहिले, तर त्याची सावली जोयड्यावरही पडेल.

मात्र ते केंद्र उभे करताना तीन गोष्टी अटी म्हणून लिहून ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते. पहिली, आजूबाजूच्या तालुक्यांतील माध्यमिक शाळांना विज्ञानाची सुसज्ज प्रयोगशाळा मिळावी. कन्नड, मराठी, कोणतेही माध्यम असो, भेद नसावा. दुसरी, तांत्रिक शिक्षण घेतलेल्या स्थानिक मुलामुलींसाठी दरवर्षी ठरावीक शिकाऊ जागा राखून ठेवाव्यात. तिसरी, वर्षातून एक दिवस, गुप्त भाग वगळून, केंद्राचे दार विद्यार्थ्यांसाठी उघडे असावे. ज्याने यंत्र डोळ्यांनी पाहिले, त्याच्या मनात ते घडविण्याची इच्छा उत्पन्न होते. या तिन्ही गोष्टींना लागणारा खर्च एका तोफेच्या किमतीपुढे अगदी अल्प आहे.

आणि विद्यार्थी बंधुभगिनींनो, सरकारकडे मागणी करून आपले कर्तव्य संपत नाही. उद्या ते दार उघडले आणि आपण गणिताच्या भीतीने बाहेरच उभे राहिलो, तर दोष कोणास द्यावा? पावसाळ्यात ओढे ओलांडून, रानातील मैलोगणती वाट तुडवून शाळेत येणारी मुले आपल्यात आहेत. ज्यांनी ही वाट चालून पुरी केली, त्यांना त्रिकोणमितीची वाट अवघड वाटण्याचे कारण नाही. आपल्या आजोबांनी देशास जमीन दिली, ती परत मागावयाची नाही. आपण देशास बुद्धी देऊ इच्छितो. ती घेण्याची व्यवस्था सरकारने करावी, एवढेच आमचे मागणे आहे.