इंग्रजीलाही मुदत असते म्हणे!

मंडळी, बँकेत ३५ वर्षं काढली, तेव्हा मुदत म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. ठेवीला मुदत असते, चेकला तीन महिन्यांची असते. पण माणसाला येणाऱ्या भाषेचीही मुदत संपते, हे नातीमुळे कळलं.

पोरगी बालवाडीपासून बी.टेक.पर्यंत इंग्रजीतून शिकलेली, नोकरी हायटेक सिटीत. आयईएलटीएस दिली, चांगले गुण आले. घरच्या अडचणीमुळे परदेशी जाणं लांबलं, आणि निकाल २ वर्षांचा झाला म्हणून बाद! टोफेललाही तीच मुदत. पुन्हा सतरा-अठरा हजार भरा, पुन्हा बसा. बोलण्याची परीक्षा किती, तर ११ ते १४ मिनिटं.

आम्ही विवेकवर्धिनीत मराठीतून शिकलो, उस्मानियातून बी.कॉम. झालो. खरं इंग्रजी शिकलो ते बँकेत, हेड ऑफिसच्या पत्रांचे मसुदे मॅनेजरसाहेबांनी लाल शाईनं रंगवून परत केले तेव्हा. ते आजही विसरलेलो नाही. आणि याच शहरात १९५८ पासून केंद्र सरकारची इंग्रजी शिकवणारी संस्था आहे, आजची इफ्लू!

परीक्षाच नको असं माझं म्हणणं नाही. कर्ज देताना आम्हीही कागद मागायचोच की. न वापरलेली भाषा गंजते, हेही कबूल. पण कॅनडाचं बघा. शिकायला जाताना आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक. तिथेच दोन वर्षं इंग्रजीतून शिकून एक्स्प्रेस एंट्रीतून कायमचं राहायचं म्हटलं, तर ती चालत नाही. जनरल ट्रेनिंग किंवा तिथली दुसरी मान्य परीक्षा द्या. कॅनडा निदान लंडनमध्ये जन्मलेल्यालाही सोडत नाही, एवढं खरं. ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगारांच्या व्हिसाला मात्र निकाल ३ वर्षं चालतो. इंग्रजी गंजायचा वेग देशागणिक बदलतो की काय? तिथे साधारण पातळीच्या इंग्रजीसाठी ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड, आयर्लंड यांचा नुसता पासपोर्टही पुरतो. मग तपासता काय, भाषा की पासपोर्ट?

आमच्या रिझर्व्ह बँकेचा नियम बघा. जास्त जोखमीच्या ग्राहकाचं केवायसी दर २ वर्षांनी, कमी जोखमीच्याचं १० वर्षांनी. माणूस बघून मुदत ठरते. इथे सरसकट सगळी पोरं जास्त जोखमीची!

या घाईवर अमीरपेटचे क्लास पोसले जातात. एका क्लासनं नातीला निबंध पाठ करायला दिले होते. पाठ केलेलं परीक्षक ओळखतात आणि गुण कापतात, हे मात्र सांगितलं नाही. सूनबाई चिलकूरच्या बालाजीला ११ प्रदक्षिणा घालून आल्या, ते वेगळंच.

ज्याची पदवी आणि नोकरी दोन्ही इंग्रजीत, त्याचा निकाल निदान ५ वर्षं चालवा. तोवर पालकांनो, फी भरण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा: परीक्षा कोणती, आणि निकाल कोणत्या तारखेला जिवंत हवा, अर्जाच्या की प्रवेशाच्या?