परिचयपत्रातील क्रियापदाचा काळ

नोकरीच्या अर्जासोबत जोडल्या जाणाऱ्या परिचयपत्राकडे, म्हणजे व्यवहारात रूढ झालेल्या 'बायोडाटा'कडे, भाषाभ्यासाचा विषय म्हणून सहसा पाहिले जात नाही. परिणामी मराठीतील परिचयपत्रे बहुधा इंग्रजी नमुन्यांवरून बेतलेली असतात. चालू पदावरील कामासाठी वर्तमानकाळ, सोडलेल्या पदासाठी भूतकाळ आणि कर्ता अध्याहृत, असा इंग्रजीतील संकेत आहे. तो मराठीत जसाच्या तसा आणता येत नाही. कारण मराठी क्रियापद काळाबरोबरच कर्त्याची वा कर्माची नोंदही वागवीत असते.

'व्याकरण शिकवतो' या वाक्यात कर्ता वगळला तरी त्याचे लिंग उघड होते. स्त्री 'शिकवते' असे लिहील. मात्र 'मी' आणि 'तो' या दोहोंसाठी रूप एकच असल्याने निवेदन स्वतःविषयीचे की दुसऱ्याविषयीचे, हे संदिग्ध राहते. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्मानुसार बदलते: 'कोश तयार केला', 'सूची तयार केली', 'संशोधन केले'. येथे काम दिसते, करणारा दिसत नाही.

या अडचणीतून सुटण्यासाठी अनेक उमेदवार क्रियापदच गाळतात आणि 'अध्यापन', 'संपादन', 'संशोधन' अशी नामे मांडतात. खरा दोष येथे आहे. नामाला काळ नसतो. 'कोशाचे संपादन' या नोंदीवरून कोश पूर्ण झाला, चालू आहे की केवळ योजलेला आहे, याचा बोध होत नाही. संक्षेपासाठी नामे सोयीची, हा युक्तिवाद शीर्षकापुरता मान्य करता येईल. तपशिलात मात्र एका 'आहे'ला फारशी जागा लागत नाही.

वस्तुतः हे भेद दाखविण्याची साधने मराठीजवळ विपुल आहेत. 'पाच वर्षे अध्यापन केले' यात काम संपल्याची सूचना आहे. 'पाच वर्षे अध्यापन केले आहे' यात तो अनुभव आज उमेदवाराच्या गाठी असल्याचे विधान आहे. 'पाच वर्षांपासून अध्यापन करीत आहे' यात काम अद्याप चालू आहे. 'प्रबंध सादर केला आहे' आणि 'प्रबंधाचे लेखन करीत आहे' यांतील अंतर तर केवळ शैलीचे नाही, सत्याचे आहे. निवड समितीचा निर्णय त्यावर अवलंबून असू शकतो.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ मध्ये आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढी परंपरा पाठीशी असताना विद्यार्थी काळ आणि प्रयोग परीक्षेपुरते पाठ करतात व स्वतःविषयी दहा ओळी लिहिताना ते विसरतात, ही खेदाची बाब होय. व्यावहारिक मराठीच्या वर्गात अर्जाचा मायना शिकविला जातो. त्याच्या जोडीला परिचयपत्रातील प्रत्येक नोंदीचे क्रियापद तपासण्याचा सराव झाला पाहिजे. आपण काय केले, काय करीत आहोत आणि काय करू इच्छितो, हे वेगवेगळे सांगता येणे ही व्याकरणाची कसोटी आहे. तितकीच ती सचोटीचीही आहे.