विहाराच्या अंगणात काय लावावे?

पावसाळा तोंडावर आला की विहार समितीच्या बैठकीत अंगणातल्या चिखलाचा विषय हमखास निघतो. उत्तरही ठरलेले असते : पेव्हर ब्लॉक. वर्गणी जमते आणि आठवडाभरात अंगण चकाचक होते. हा खर्च करण्याआधी आरोग्याचाही विचार व्हावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

वैशाख पौर्णिमेला दुपारी अशा अंगणात अनवाणी उभे राहून पाहावे. तापलेल्या ब्लॉकची धग रात्रीपर्यंत जात नाही. पावसात त्यावर शेवाळ धरते आणि वयस्कर उपासिका घसरून पडतात. पण जमीन उघडी ठेवणेही बरे नाही. उन्हाळ्यात धूळ उडते आणि पहिल्या पावसानंतर तिथे गाजर गवत माजते. अमेरिका खंडातले हे तण पुण्यात 1950 च्या दशकात आढळले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो. ते उपटायला हातमोज्यांशिवाय वाकतात त्या बहुधा आपल्याच वस्तीतल्या आयाबहिणी.

म्हणून जमिनीलगत पसरणारी देशी झाडे लावावीत, असे आमचे मत आहे. इथे कोणी विचारील, देशी-परदेशी हा भेद आपण कशाला करायचा? प्रश्न रास्त आहे. जन्मावरून कोणाला श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे आपल्या धम्मात बसत नाही. झाडालाही कसोटी लावायची ती त्याच्या वागणुकीची. पिवळ्या फुलांची वेडेलिया रोपवाटिकेत सहज मिळते आणि भराभर पसरते, पण आपल्याखाली दुसरे काही उगवू देत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. ती नको, ती या कारणासाठी. इथल्या मातीत आणि दमट हवेत मुरलेली झाडे कमी पाण्यात, खताशिवाय तग धरतात आणि फुलपाखरांनाही आसरा देतात.

जागा पाहून निवड करावी. भरपूर ऊन आणि मुलांची धावपळ असेल तिथे हरळी. ती पायाखाली तुडवली तरी पुन्हा फुटते, मात्र कडेला विटांची ओळ हवी, नाहीतर वाफ्यात शिरते. उन्हाच्या, थोड्या ओलसर पट्ट्यात जलपिंपळी. बोधिवृक्षाच्या विरळ सावलीत, जिथे ओल टिकते, तिथे मंडूकपर्णी, म्हणजे कोकणातला कारिवणा. नळाजवळच्या पाणथळ जागेत ब्राह्मी. बाजारात या दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकल्या जातात. गोल, दातेरी पानांची ती मंडूकपर्णी; बारीक, जाडसर पानांची ती खरी ब्राह्मी. दोन्ही औषधी असल्या तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घेऊ नयेत.

साप आणि डास यांची भीती अनेकांना वाटते. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर उरल्यासुरल्या अन्नामागे. भोजनदानानंतर अंगण झाडावे, हिरवळ घोट्याच्या वर वाढू देऊ नये. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. म्हणून लावणीआधी खड्डे भरून जमिनीला उतार द्यावा आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात. आजारी, वृद्ध आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी दारापर्यंत फरसबंदीची सपाट वाट हवीच. उरलेली जमीन मात्र मोकळा श्वास घेऊ द्या.

सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्याचे नोंदवले आहे. जिथे त्या नव्हत्या तिथे बाहेरून आणून लावल्या. त्याचा निकष उपयोगाचा होता. पावसात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली हिरवे गवत आणि बारीक जीव चिरडले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे विनयात सांगितले आहे.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. त्याच सुमारास वीतभर अंतरावर फुटवे लावावेत. दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास सर्वांनी मिळून तण काढावे, ते काम एकट्या झाडणाऱ्या बाईवर टाकू नये. आश्विन पौर्णिमेपर्यंत मुळे धरतील. समितीने यंदा निदान एका कोपऱ्यात हा प्रयोग करून पाहावा आणि पेव्हर ब्लॉकचे वाचलेले पैसे आरोग्य शिबिराला द्यावेत.

जय भीम! नमो बुद्धाय!