नोंद यंत्राची की माणसाची?

हौसेने विमानांच्या प्रतिकृती बांधणाऱ्या आणि उडविणाऱ्या मंडळींविषयी असा एक समज सरकारी दफ्तरांत आणि सामान्य जनांतही रूढ होत चालला आहे की, नोंदणीचे नुसते नाव काढले तरी ही माणसे बिथरतात आणि आकाश ही आपली खासगी मिरास असल्याप्रमाणे प्रत्येक नियमाला विरोध करतात. या मंडळींत माझी बरीच उठबस आहे, मी स्वतःही बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या कापीत आणि घाशीत वाढलो आहे, आणि म्हणून खात्रीने सांगतो की त्यांतल्या जाणत्या माणसांना नोंदणीचे वावडे नाही; त्यांची तक्रार आहे ती नोंद कशाची घेतली जाते याविषयी. शासन यंत्राची नोंद मागते. छंदी माणूस म्हणतो, माझे नाव घ्या, पत्ता घ्या, वाटल्यास माझी परीक्षा घ्या, मी जे जे उडवीन त्या प्रत्येकावर माझा क्रमांक ठळक अक्षरांत लिहीन. परंतु माझ्या टेबलावर आज जन्मून परवा मोडणाऱ्या प्रत्येक सांगाड्यासाठी वेगळा अर्ज मागू नका. हा भेद वरकरणी क्षुल्लक वाटतो, तथापि एका अत्यंत बोधप्रद छंदाचे भवितव्य त्यावर अवलंबून आहे.

न्यायाने बोलायचे तर गेल्या दशकात शासनाने पुष्कळ वाट चालून काढली आहे, आणि ती मान्य केल्यावाचून पुढचे बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने एका जाहीर सूचनेद्वारे मानवरहित विमानांचा नागरी वापर सरसकट थांबविला होता. डिसेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या व्यवस्थेत प्रत्येक उड्डाणापूर्वी संगणकीय परवानगीची अट आली. मार्च २०२१ चे नियम तर इतके जडशीळ होते की सहा महिने उलटण्याच्या आत ते मागे घ्यावे लागले. त्यांच्या जागी २५ ऑगस्ट २०२१ रोजी जे ड्रोन नियम आले, त्यांनी २५ अर्जनमुन्यांचे ५ केले, ७२ प्रकारच्या शुल्कांचे ४ केले, विमानतळाभोवतीचे परवानगी लागणारे पिवळे क्षेत्र ४५ किलोमीटरांवरून १२ किलोमीटरांवर आणले, आणि हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणासाठी पूर्वपरवानगीची गरज ठेवली नाही. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो विमानासाठी, तसेच दोन किलोंपर्यंतचे सूक्ष्म विमान धंद्याखेरीज अन्य कारणाने उडविणाऱ्यासाठी, वैमानिक-प्रमाणपत्राची अटही काढून टाकली. नोंदणीचे शुल्क अवघे १०० रुपये. आपल्याकडील कायद्यांच्या इतिहासात शासनाने आपलेच नियम इतक्या त्वरेने आणि इतक्या उदारपणे सैल केल्याची उदाहरणे थोडी आहेत.

मग अडते कोठे? याच नियमांत मॉडेल विमानाची एक स्वतंत्र व्याख्या आहे: वजन २५ किलोंपेक्षा अधिक नाही, उपयोग शिक्षण, संशोधन, आरेखन, चाचणी किंवा मनोरंजन एवढाच, आणि उड्डाण उडविणाऱ्याच्या दृष्टिपथात. अशा विमानाला कारखान्यातून निघणाऱ्या ड्रोनला लागणाऱ्या प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे. म्हणजे छंदाचे वेगळेपण नियमकर्त्यांच्या ध्यानी आले होते. परंतु नोंदणीच्या प्रकरणाशी येताच ही जाणीव हरपते. तेथे प्रत्येक विमानाला स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा लागतो, आणि तो क्रमांक विमानाच्या, त्यातील उड्डाण-नियंत्रक घटकाच्या आणि जमिनीवरील नियंत्रण-यंत्राच्या अनुक्रमांकांशी जोडलेला असतो.

आता हा तपशील एखाद्या रविवारच्या सकाळी, वारा सुटण्यापूर्वी, मैदानावर आणून पाहावा. नववीतल्या मुलाने दोन महिने खपून दीडएक मीटर पंखांचे शिकाऊ विमान बांधले आहे. पंखांच्या पाठीवर ताणून बसविलेली पातळ फिल्म, मधोमध रबराच्या पट्ट्यांनी सांगाड्याला आवळलेला पंख, पोटात आगपेटीएवढा रिसीव्हर, सुकाणू हलविणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या सर्व्हो मोटारी, नाकात बॅटरी. उड्डाणापूर्वी तो पंखाखाली दोन्ही हातांची एकेक बोटे टेकवून विमान अधांतरी तोलून धरतो. नाक किंचित खाली झुकले तर समाधानाने मान हलवितो, शेपूट झुकली तर बॅटरी अर्धा अंगुळ पुढे सरकवून पुन्हा तोलतो. या विमानात उड्डाण-नियंत्रक घटक नाहीच. त्याचे स्थैर्य पंखांना दिलेल्या किंचित ऊर्ध्व कोनात आणि त्या दोन बोटांवर सापडलेल्या गुरुत्वमध्यात आहे. बाकी सारे काम मुलाच्या डोळ्यांचे आणि अंगठ्यांचे. मग अर्जातील त्या रकान्यात त्याने काय लिहावे? उत्पादकाचा अनुक्रमांक विचारला तर उत्पादक तोच, आणि त्याने अनुक्रमांक टाकलेला नाही. शिवाय तिसऱ्या उतरणीला नाक जमिनीत रुतून सांगाडा दुभंगतो, तेव्हा जवळचे काका आपल्या पेटीतून जुना सांगाडा काढून देतात, त्यावर मुलाचा पंख चढतो, त्याच्याच सर्व्हो मोटारी बसतात, आणि दहाच्या आत विमान पुन्हा हवेत जाते. हे विमान सकाळचेच की नवे, काकांचे की मुलाचे, याचा निवाडा कोणत्याही नोंदवहीला करता येणार नाही. छंदात विमान ही वस्तू स्थिर नसतेच. स्थिर असतो तो उडविणारा माणूस.

यात मला सर्वांत अधिक खटकते ती गोष्ट निराळीच आहे. याच नियमांच्या ४२ व्या कलमाने संशोधन संस्था, मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था, मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि जीएसटी क्रमांक असलेले ड्रोन-उत्पादक यांना आपल्या ताब्यातील हिरव्या क्षेत्रात संशोधनासाठी उडविताना प्रकार-प्रमाणपत्र, ओळख क्रमांक आणि वैमानिक-प्रमाणपत्र या तिन्ही बाबतींत मुभा दिली आहे. ही मुभा योग्यच आहे. चाचणीतले यंत्र रोज बदलते आणि रोज बदलणाऱ्या यंत्राची नोंद निरर्थक ठरते, हे तत्त्व शासनाने येथे निःसंदिग्धपणे स्वीकारले आहे. पण हेच तत्त्व स्वतःच्या हाताने विमान बांधणाऱ्या एकट्या माणसाला अधिक लागू नाही काय? महाविद्यालयाच्या आवारात अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्पर्धेसाठी विमान बांधतात ते संशोधन; आणि सांगली-मिरजेकडचा एखादा निवृत्त फिटर किंवा नाशकातली एखादी शाळकरी मुलगी तेच करते तेव्हा ते पूर्ण नोंदणीस पात्र असे उड्डाण! फरक कौशल्याचा नाही, धोक्याचाही नाही. मागे संस्थेचा शिक्का आहे की नाही, एवढाच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर शासनाने बंदी घातली आणि सुटे भाग मात्र मोकळे ठेवले, ते देशात बांधणारे हात तयार व्हावेत म्हणून. ते हात कोठे तयार होतात याचा विचार नोंदणीच्या नियमांत उतरावयास हवा होता.

सुरक्षेचा प्रश्न मी हलका लेखीत नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली, आणि या साधनाचा कोणता दुरुपयोग होऊ शकतो ते देशाने पाहिले. मुंबई पोलीस सणासुदीला आणि राष्ट्रीय दिनांच्या सुमारास ड्रोन, पॅराग्लायडर, उष्ण हवेचे फुगे यांच्याबरोबर दूरनियंत्रित हलक्या विमानांवरही मनाई-हुकूम काढतात. दाट वस्तीच्या आणि पूर्वी घाव सोसलेल्या शहराने अशी सावधगिरी बाळगावी, यात गैर काही नाही, आणि माझ्या माहितीतले छंदी लोक त्या दिवसांत पेट्या उघडत नाहीत. परंतु उपग्रहाच्या आधारे स्वतःच मार्ग काढणारे, कॅमेरा वाहणारे, उडविणाऱ्यापासून कित्येक किलोमीटर दूर जाणारे यंत्र, आणि डोळ्यांआड होताच निकामी होणारे बाल्साचे विमान, यांना एकाच मापाने मोजल्याने सुरक्षेत भर पडत नाही. ज्याच्या मनात घातपात आहे तो १०० रुपये भरून आपला क्रमांक घेणार नाही. नोंदणीचा खरा उपयोग सज्जन माणसाला त्याची जबाबदेही पटवून देण्यात आहे, आणि ती माणसाच्या नावाशी निगडित असते.

अमेरिकेत हा वाद आपल्या आधी झाला, आणि त्याचा प्रवास मननीय आहे. तेथील संघीय विमानवाहतूक प्रशासनाने २१ डिसेंबर २०१५ पासून अडीचशे ग्रॅमपेक्षा जड अशा छंदी विमानांसाठीही नोंदणी सक्तीची केली. १९३६ पासून चालत आलेल्या अ‍ॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या संस्थेचे सभासद आपल्या विमानांवर आपला सभासद क्रमांक पूर्वीपासूनच लिहीत आले होते, तेव्हा तेच काम दुसऱ्यांदा कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. एका छंदी नागरिकाने दावा लावला. २०१२ च्या कायद्याने मॉडेल विमानांवर नवे नियम करण्यास प्रशासनाला स्पष्ट मनाई केली होती, या आधारावर वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मे २०१७ मध्ये ती नोंदणी छंदी विमानांपुरती रद्द ठरविली. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने नवा कायदा करून ती पूर्ववत केली. न्यायालयातला विजय असा अल्पजीवी ठरला, तरी तेथील व्यवस्थेतील एक गोष्ट छंदी लोकांना पचली: पाच डॉलर भरून मिळणारा क्रमांक माणसाचा असतो, आणि तोच त्याच्या सगळ्या छंदी विमानांवर लावायचा असतो. नोव्हेंबर २०१९ पासून ब्रिटननेही हीच रीत धरली. पुढे अमेरिकेत विमानाने आपली ओळख रेडिओवरून प्रक्षेपित करण्याची सक्ती आली, तेव्हा मान्यताप्राप्त मैदाने त्यातून वगळली गेली. त्या मैदानाच्या सीमेत, नजरेच्या टप्प्यात, साधे विमान साधेच उडते. यंत्राऐवजी माणूस आणि मैदान या दोन गोष्टींवर नजर ठेवावी, हा विचार तेथे वादविवादातून, कोर्टकचेरीतून हळूहळू रुजला. आपल्याला तो तयार मिळतो आहे.

या खेळाची योग्यता कमी लेखणाऱ्यांनी त्याचा वंशवृक्ष पाहावा. अल्फोन्स पेनो या तरुण फ्रेंच संशोधकाने १८७१ मध्ये पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान उडवून दाखविले, आणि त्याच्याच रचनेचे एक उडते खेळणे १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी आपल्या मुलांना आणून दिले. पुढची हकीकत सर्वज्ञात आहे. आपल्याकडेही राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात मॉडेल विमानांचे शिक्षण दिले जाते, आणि त्यातून पुढे हवाई दलात गेलेले तरुण आपल्या भोवती आहेत. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर खरेखुरे विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना त्याचा नोंदणी-दाखला नोव्हेंबर २०१७ मध्ये हाती आला, तोही वर्षानुवर्षे खेटे घातल्यावर आणि राज्यकर्त्यांनी जातीने लक्ष घातल्यावर. मॉडेल विमानापेक्षा त्यांचा प्रश्न पुष्कळ मोठा होता. तरी कारखान्याबाहेर बांधलेल्या वस्तूसाठी आपल्या कागदपत्रांत रकानाच नसतो, ही अडचण दोन्हीकडे एकच आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने नागरी ड्रोनविषयक नव्या विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. त्या मसुद्यात उल्लंघनाला कैदेची शिक्षा सुचविली असून गुन्हे दखलपात्र करण्याचा विचार आहे. दंडाच्या भीतीने माणूस अर्ज भरतो, पण फौजदारीच्या भीतीने बाप मुलाची पेटी माळ्यावर ठेवतो. कायदा करणाऱ्यांनी या बापाला डोळ्यांसमोर ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. २०२१ च्या नियमांतील मॉडेल विमानाची व्याख्या नव्या अधिनियमात अक्षुण्ण राहावी. त्या व्याख्येत बसणाऱ्या विमानांसाठी उडविणाऱ्याचा एकच क्रमांक पुरेसा मानावा. आणि ४२ व्या कलमात संस्थांना जी मुभा आहे ती नोंदलेल्या छंदी मंडळांच्या मैदानांनाही मिळावी.

मैदानाचा प्रश्न मुंबई-पुण्याकडे सर्वांत बिकट आहे, आणि तेथे राज्य शासनाला दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. पुण्यात एका अंगाला लोहगावचा हवाई तळ, दुसरीकडे खडकवासल्याची संरक्षण प्रबोधिनी; मुंबईत सांताक्रूझ आणि जुहू; आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने पनवेलकडची मोकळी राने देखील त्या १२ किलोमीटरांच्या कक्षेत आली. प्रत्येक जिल्ह्यात गायरान वा पडीक जमिनीचा एखादा तुकडा हिरव्या क्षेत्रात शोधून, सकाळच्या ठरावीक वेळेसाठी, ठरावीक उंचीच्या मर्यादेसह मॉडेल विमानांना राखून ठेवणे, ही जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत सहज बसणारी गोष्ट आहे. तेथे येणाऱ्या प्रत्येकाने आपले नाव, आपला क्रमांक आणि आल्याची वेळ मंडळाच्या वहीत लिहून सही करावी, अनोळखी माणसाने जुन्या सभासदाबरोबर उभे राहूनच उडवावे, तिऱ्हाइतास इजा झाल्यास भरपाईचा विमा मंडळाने सर्वांच्या वतीने उतरवावा, आणि जवळच्या ठाण्यातील अंमलदाराने वाटेल तेव्हा येऊन ती वही तपासावी.