दळण टाका, पीठ न्या?

कंपायलर म्हणजे पिठाची गिरणी, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. वरून सी भाषेचं दळण टाकायचं, खालून मशीन कोडचं पीठ न्यायचं. आत जातं कसं फिरतं, ते गिरणीवाला बघून घेईल. स्क्रिप्टमधून कोड तयार करायचाय? मजकुराला मजकूर चिकटवा, फाइल लिहा, कंपायलर चालवा. तो लायब्ररी म्हणून आपल्याच प्रोग्रॅममध्ये आणून बसवायची काय गरज, असं विचारणारे जाणकार आजही भेटतात. त्यांचे आक्षेप तीन आहेत, आणि तिन्ही पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप: एवढ्याशा कामाला एवढा लवाजमा कशाला? हेडर फाइल हा शेवटी मजकूरच. रेग्युलर एक्स्प्रेशनने वाचला की झालं. मीही हेच म्हणायचो. एका सी लायब्ररीच्या हेडरवरून पायथनचं बाइंडिंग तयार करणारी छोटी स्क्रिप्ट मी याच भरवशावर लिहिली. त्यातल्या एका स्ट्रक्चरमध्ये चार बाइटचं एक फील्ड ‘इफडेफ’ या प्रीप्रोसेसरच्या अटीच्या आड होतं. लायब्ररी बिल्ड करताना ती अट बंद होती. माझ्या स्क्रिप्टला अट हा प्रकारच ठाऊक नव्हता. तिने ते फील्ड बिनदिक्कत उचललं आणि पुढचं प्रत्येक फील्ड चार बाइट सरकलं. एरर नाही, क्रॅश नाही. चित्राची रुंदी मागावी तर उंची मिळे, उंची मागावी तर भलतंच काहीतरी.

हेडर मजकुरासारखा दिसतो खरा, पण त्याचा अर्थ प्रीप्रोसेसर, फ्लॅग आणि त्या त्या मशीनचे नियम मिळून ठरवतात. हे सगळं कंपायलरला ठाऊक असतंच. कंपायलरचंच हे ज्ञान पुरवणाऱ्या लिबक्लँग या लायब्ररीला बिल्डचेच फ्लॅग दिले, की कुठलं फील्ड कितव्या बिटावर सुरू होतं हे ती नेमकं सांगते. लवाजमा टाळायला निघालेला माणूस प्रत्यक्षात दुसरा, अर्धवट कंपायलर लिहीत असतो. फक्त त्याला तो स्क्रिप्ट म्हणतो.

दुसरा आक्षेप वेळेचा: प्रोग्रॅम चालू असताना कंपाइल करायचं म्हणजे वापरणारा ताटकळणार. बरोबर आहे. पण हा आक्षेप कधी कंपाइल करावं याविषयी आहे, करावं की नाही याविषयी नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या २०१८ मधल्या ११व्या आवृत्तीत क्वेरीतल्या एक्स्प्रेशनसाठी एलएलव्हीएम या कंपायलर-लायब्रऱ्यांच्या संचाकरवी मशीन कोड बनवायची सोय आली. तिच्यावर उंबरठाही आहे: क्वेरीचा अंदाजी खर्च मूळ सेटिंगप्रमाणे १,००,००० च्या वर गेला, तरच कंपायलरला हाक. पाव किलोच्या दळणासाठी गिरणी सुरू करायची नाही, हे शहाणपण तिथे एका सेटिंगमध्ये मावलं आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तो तत्त्वाचा आहे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांचं म्हणणं असं, की त्यांच्या जीसीसी या कंपायलरने कोडचं मधलं रूप बाहेर काढू दिलं, तर कुणीही त्याला आपलं बंदिस्त बॅकएंड जोडेल आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जिवावर आपली पोळी भाजून घेईल. भीती हवेतली नव्हती. नेक्स्ट कंपनीला ऑब्जेक्टिव्ह-सीचं आपलं फ्रंटएंड बंद ठेवायचं होतं; ते खुलं करावं लागलं. मात्र नेक्स्टला नमवलं ते जीपीएल परवान्याने, आतली रचना बंद ठेवल्याने नव्हे. बंद रचनेचा जाच झाला तो स्वकीयांनाच. जीसीसीचा सोर्स कुणालाही वाचायला मोकळा, तरी त्याच्या अंतरंगात शिरणं इतकं अवघड, की मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांना त्यावर खास कार्यशाळा घ्याव्या लागल्या. सोर्स खुला असणं वेगळं आणि त्यातलं ज्ञान आपल्या कामाला जुंपता येणं वेगळं.

दरम्यान २००० साली इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी एलएलव्हीएमची सुरुवात केली. कंपायलर म्हणजे सुट्या लायब्रऱ्यांचा संच, ही त्याची बैठक. जीसीसीनेही पुढे दार उघडलं. २००९ मध्ये परवान्याच्या अपवादाची कलमं नव्याने लिहिली, २०१० मध्ये प्लगइन आणले, २०१५ मध्ये लिबजीसीसीजिट ही लायब्ररी. म्हणजे तत्त्वाचं रक्षण परवान्याकडे सोपवून दार उघडता येत होतं, उघडलंही.

म्हणून मंडन एवढंच: कंपायलरचं खरं धन मशीन कोड हे नाही, प्रोग्रॅमच्या अर्थाची त्याला असलेली जाण हे आहे. ती लायब्ररीतून हाती आली, की नुम्बासारखं साधन पायथनचं आकडेमोडीचं फंक्शन जागच्या जागी मशीन कोडमध्ये उतरवतं. याची किंमतही आहे: एलएलव्हीएमचा सी++ इंटरफेस आवृत्तीगणिक बदलतो आणि आपला कोड मागून दुरुस्त करत बसावं लागतं. पण ती मोडतोड बिल्ड होतानाच ओरडून सांगते. सरकलेले चार बाइट गप्प राहतात.

माझ्या स्क्रिप्टला सी भाषा तेव्हा कळत नव्हती, आजही कळत नाही. फरक इतकाच, की आता ती अंदाज बांधत नाही. ज्याला कळतं त्याला विचारते.