पक्षाघात झालेल्या रुग्णाला पहिला घोट देण्याआधी

पक्षाघाताबद्दल (लकवा, स्ट्रोक) आता बरीच जागृती होत आहे. साडेचार तासांच्या आत देण्याचे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, तारेने गुठळी काढण्याची प्रक्रिया यांची चर्चा होते, आणि ती हवीच. पण रुग्ण वॉर्डात आल्यावर त्याला खायला कधी आणि कसे द्यायचे, यावर फारसे कोणी बोलत नाही.

पक्षाघातानंतर सुरुवातीला सुमारे निम्म्या रुग्णांना नीट गिळता येत नाही. मग मायेने पाजलेले दोन चमचे पाणीही श्वासनलिकेत जाऊ शकते आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. काहींना ठसकाही लागत नाही. म्हणून ठसका लागला नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे समजू नका.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटपैकी काहींमध्ये परिचारिकांनी पहिले तीन दिवस ताप, रक्तातील साखर आणि गिळणे या तीन गोष्टी ठरलेल्या पद्धतीने सांभाळल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, तीन महिन्यांनी मृत्यू झालेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण ४२ टक्के होते. जिथे ही पद्धत नव्हती, तिथे ५८ टक्के. यासाठी महागडे यंत्र लागले नाही. प्रशिक्षित परिचारिका आणि शिस्त पुरेशी ठरली. आपल्या रुग्णालयांनाही हे जमण्यासारखे आहे.

दुसरी अडचण नाकातल्या नळीच्या भीतीची. "नळी घातली म्हणजे आता काही खरे नाही," असे म्हणून अनेक कुटुंबे नकार देतात. ही नळी बहुधा तात्पुरती असते. गिळणे सुधारले की ती काढतात. उपाशी राहिलेल्या रुग्णाचे स्नायू झपाट्याने झिजतात आणि व्यायामाला ताकद उरत नाही. गिळता येत नसेल, तर पहिल्या आठवड्यातच नळीने आहार सुरू व्हायला हवा.

तुम्ही एवढे करा:

• गिळण्याची तपासणी झाली का, हे विचारा. तोपर्यंत पाणी, चहा, नारळपाणी, तोंडाने घ्यायची गोळी, काहीही देऊ नका.
• परवानगी मिळाल्यावर रुग्णाला ताठ बसवून, छोटे घास द्या. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका.
• नळीतून घरची पेज किंवा दूध स्वतःहून घालू नका. आहारतज्ज्ञांना विचारा. मधुमेह असल्यास तसे सांगा.
• घरी सोडण्यापूर्वी आहाराच्या सूचना लिहून घ्या.

रुग्णालयाचा दर्जा ठरवताना इंजेक्शन किती वेळात दिले, हे जसे पाहतो, तसेच गिळण्याची तपासणी कधी झाली, हेही पाहायला हवे. ती तपासणी कधी होणार, हे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.