‘हलू नका’, पण कुठल्या भाषेत?

एमआरआय म्हटलं की डोळ्यांसमोर काळीपांढरी चित्रं येतात. स्पेक्ट्रोस्कोपिक इमेजिंग त्याच यंत्रावर मेंदूतली रसायनं शोधतं. चेतापेशींचा हालहवाल सांगणारं एनएए कुठे घटलंय, कोलीन कुठे वाढलंय, लॅक्टेट कुठे साचलंय, वगैरे. अडचण ही की पाण्याचा संकेत या रसायनांच्या हजारो पट मोठा असतो. त्यात डोक्याच्या कातडीखालची चरबी! तिचा संकेत नेमका लॅक्टेटच्या जागेवर येऊन बसतो. म्हणजे कातडीतली चरबी मेंदूतला बिघाड म्हणून दिसू शकते. याला आर्टिफॅक्ट म्हणतात. मी सरळ ‘आभास’ म्हणेन.

चुंबक 3 टेस्लावरून 7 टेस्लावर नेलं की रसायनांची शिखरं सुटी दिसतात, पण आभासही वाढतात. नाकाकानातल्या हवेजवळ चुंबकीय क्षेत्र जास्त बिघडतं. शिवाय 7 टेस्लाला रेडिओलहरीची लांबी मेंदूत जेमतेम 13 सेंटीमीटर उरते, त्यामुळे सगळीकडे सारखा जोर पोचत नाही.

उपाय आहेत. तपासणीआधी क्षेत्र सपाट करून घेतात, पाण्याचा संकेत दाबतात, कवटीभोवती पट्टे आखून चरबी गप्प करतात. राहिलेलं गणित निस्तरतं. पण हे सगळं डोकं जिथे होतं तिथलं! रुग्णाने मान जराशी वळवली की पट्टा जागेवर राहतो आणि चरबी त्याच्याबाहेर सरकते. डोक्याच्या हालचालीमागे धावणाऱ्या पद्धती निघाल्यात, पण त्या प्रत्येक यंत्रावर नाहीत. आणि नंतर गणिताने धुऊन काढलेला रंगीत नकाशा मला तरी जरा संशयास्पदच वाटतो. सोबत मूळ आलेख दाखवायलाच हवा.

म्हणून माझं म्हणणं, सगळ्यात स्वस्त उपाय बोलण्यात आहे. आदिलाबादचा माणूस अशा तपासणीला हैदराबादला जातो, नाहीतर नागपूरला. घरी मराठी किंवा गोंडी बोलणाऱ्या आजीला तिथे तेलुगूत, हिंदीत किंवा इंग्रजीत एकदा ‘हलू नका’ सांगितलं की झालं? किती वेळ, का, आवाज कसला, हे तिला कोण सांगणार? न समजलेला माणूस घाबरतो, आणि घाबरलेला हलतो.

आपल्या मंडळाने अर्ध्या पानाची सूचना लिहावी: यंत्र ठकठक करेल, ते बिघडलेलं नाही, दहाएक मिनिटं मान तशीच ठेवा, भीती वाटली तर हातातला रबरी फुगा दाबा. मराठी मसुदा आपण करू. गोंडीचा मात्र गोंडी बोलणाऱ्या मित्रांनीच करावा, आपण भाषांतर करायला बसू नये.